सगळे दात खरे

चांगला खोटा दात कसा ओळखायचा, असं लॅबमध्ये नव्याने आलेल्या कुणी विचारलं की ती म्हणायची, "ओळखू येत नाही, तो चांगला." एवढ्याने समोरच्याचं समाधान झालं नाही तर पुढे म्हणायची, "थोडा वाईट असतो तो." पांढराशुभ्र, सरळसोट दात तोंडात बसवला की तो चारचौघांत ओरडून सांगतो, मी इथला नाही. शेजारच्या दातावर जन्मभराच्या चहाचा पिवळेपणा असेल तर ह्याच्यावरही तो हवा. शेजारी जरा खांदा पाडून उभा असेल तर ह्यानेही पाडावा. शेजाऱ्याला बारीकशी भेग असेल तर ह्यालाही केसाएवढी भेग द्यावी, आणि मग विसरून जावं. बघणाऱ्याने विसरण्याआधी बनवणाऱ्याने विसरावं.

लॅब म्हणजे दवाखान्यांच्या इमारतीमागचा एक लांबट हॉल. डॉक्टर तोंडाचं माप घेत, ते माप इथे येई, त्यात प्लास्टर ओतलं जाई, आणि माणसांचे जबडे फळ्यांवर रांगेने वाळत बसत. ना डोळे, ना गाल, नुसते आ वासलेले. मेणाचा वास, अ‍ॅक्रिलिकचा डोक्यात जाणारा वास, घासायच्या मोटरची किरकिर, आणि धुळीसाठी सगळ्यांच्या तोंडाला मास्क. ती दातांचे रंग जुळवायची. बाकीचे रंगांची पट्टी खिडकीशी धरून डोळे बारीक करत, तेव्हा हिने हवा तो दात आधीच उचललेला असे. म्हणून तिला सगळे शेडवाली म्हणत. शहरातले झाडून सगळे दातांचे डॉक्टर तिला ओळखत.

लॅबचे मालक म्हातारे होते, त्यांना मास्तर म्हणत. मास्तर म्हणायचे, "आपल्या धंद्यात नाव होत नाही बरं का. नाव झालं, म्हणजे काम फसलं."

तिला हे वाक्य आवडायचं. संसारातही ती ह्याच वाक्यावर चालत आली होती.

तिचा नवरा तलावावर पोहायला शिकवायचा. अर्ध्या शहराची पोरं त्याच्या तळहातावर पोट टेकवून पाण्यावर तरंगायला शिकली होती. "मी धरलंय, मी धरलंय," तो म्हणायचा, आणि पोर हातपाय मारत पुढे गेलं तरी म्हणत राहायचा, हात कधीच काढून घेतलेला असायचा. बाजारात त्याला हाका यायच्या, "सर, ओ सर!" आयांना वाटायचं, काय नशीब काढलंय बाईने. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. तलावावर तो नाटक करत नसे. पाण्यात तो खरोखरच हळुवार होता. कोरड्या जमिनीवर, दार लागल्यावर, तो दुसरा कुणीतरी होई. ह्यातला खरा कोणता, हा विचार तिने वर्षानुवर्षं केला. मग तिच्या लक्षात आलं की दोन्ही खरे आहेत, आणि हे कळण्याचा काडीचाही उपयोग नाही.

दंडावर उठलेलं बाहीखाली जाई. पाठीवरचं तर कुणी बघायलाच येत नाही. "आपलेच दात, आपलेच ओठ," तिची आई जिवंत असताना म्हणायची, आणि हात हलवून विषय झटकून टाकायची. आईच्याही दंडावर काही असेल का, हे विचारायचं राहून गेलं.

मग तो रविवार आला. शेजारी जेवायला बोलावलं होतं. शेजारच्या काकांनी कसलासा विनोद सांगितला. फारसा बरा नव्हता, पण ती हसली. मोठ्याने हसली. घरी आल्यावर त्याने दार लावलं, चपला काढून कोपऱ्यात नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाला, "फार दात काढत होतीस."

ती बाथरूमकडे सरकली, कडी लावून घ्यायला. कडीपर्यंत हात पोचला नाही. मानेवर पंजा आला, आणि बेसिनची पांढरी कड एकदम जवळ, फारच जवळ आली.

नंतर तो रडला. नेहमी रडायचा. बर्फ आणला, बेसिन स्वतः धुतलं, "माझाच हात झडो" म्हणाला. डॉक्टरकडे जाऊ, असं मात्र तो म्हणाला नाही. आणि खरी गंमत ही, की तीही म्हणाली नाही. कुणाकडे जाणार? ह्या शहरात असा एक दातांचा डॉक्टर नव्हता, ज्याचं काम तिच्या टेबलावर येत नव्हतं. ज्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसायचं, तोच दुसऱ्या दिवशी फोन करून विचारणार, "शेडवाली बाई, त्या वरच्या दाढेचं काय झालं?" तिच्या जागी शिंपीण असती, कारकूनबाई असती, तर कुठल्याही दवाखान्यात जाऊन म्हणाली असती, पडले. कागद तरी झाला असता. हिला तीही सोय नव्हती.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेली. स्वतःच्या तोंडाचं माप स्वतः घेतलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण माप हललं नाही. प्लास्टर ओतलं. फळीवर स्वतःचा जबडा वाळत बसलेला तिने पाहिला आणि तिला वाटलं, ही कोण बाई, हिला कधीतरी पाहिलंय. मग तिने काम सुरू केलं. मास्क लावलेला होताच, कुणाला काही दिसायचा प्रश्न नव्हता. डबा पाठ फिरवून खायचा. काढता-घालता येणारा, टाळूशी पातळ पट्टी असलेला समोरचा वरचा दात. डाव्या कोपऱ्यात शेजारच्यासारखा पांढुरका ठिपका. मधोमध उभी, केसाएवढी भेग.

मास्तरांनी तो दात प्लास्टरच्या साच्यावर बसवलेला पाहिला. उजेडात फिरवला.

"कुणाचं काम?"

"एका बाईचं."

"डॉक्टर कोण?"

"थेट आलंय."

मास्तरांनी तिच्या मास्ककडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दात हलकेच टेबलावर ठेवला. "झकास झालंय," म्हणाले. "आख्ख्या आयुष्यात मला असा जमला नाही." आणि आपल्या खुर्चीकडे गेले.

ती खूष झाली. हे तिने पुढे बहिणीला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही: "ताई, मला त्या दिवशी चक्क बरं वाटलं गं." काम झालं की साचा फोडून पोत्यात टाकायचा, अशी लॅबची पद्धत. तिने तो स्वतःच्या हाताने फोडला. संध्याकाळी नवऱ्याने तिची हनुवटी धरून दिव्याखाली तोंड वळवलं, आणि मनापासून म्हणाला, "कळतसुद्धा नाही गं."

घरात आणखी एका माणसाला मात्र ठाऊक होतं. त्या रविवारी दुपारी झोपेतून उठून बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिलेली तिची मुलगी. समोरचे दोन मोठे दात नुकतेच आलेले, म्हणून तिला घरीदारी सगळे खारू म्हणत.

"आई, तुझा दात पडला? माझ्यासारखा?"

"हो गं. पाय घसरला आणि पडला."

"आता दुसरा येईल?"

"मी आणणार ना."

खोटं बोलणंही तिला रंग जुळवण्यासारखंच जमायचं. शेजारच्या खऱ्याशी जुळवून. बाथरूम, बेसिन, पडलेला दात, सगळं खरं. एक हात तेवढा काढून टाकलेला.

पण पोरांच्या पोटात काही राहत नाही. शाळेत बाईंना सांगेल, खालच्या मजल्यावर सांगेल, आणि मग घरी काय होईल हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने त्याचा खेळ केला. वेणी घालताना, भाजी निवडताना दोघी खेळायच्या.

"आईला काय झालं होतं?"

"आई बाथरूममध्ये पडली!"

"कशी?"

"पाय घसरून!"

"कुणी ढकललं?"

"कुण्णी नाही!"

"आणि दात?"

"दात? कसला दात?" खारू डोळे मोठे करायची, दोन्ही हात पसरायची, अगदी नाटकातल्यासारखी. "आईचे सगळे दात खरे आहेत!" आणि दोघी हसत सुटायच्या. हळू, तोंडावर हात ठेवून.

"हे कुणाला सांगायचं?"

"कुणालाच नाही. देवबाप्पा विचारायला आला तरी नाही."

"शहाणी माझी."

त्यानंतर वर्षभराने ती घर सोडून गेली. सोडून गेली म्हणजे, एक दिवस लॅबमधून घरी गेलीच नाही. सकाळी त्याने तिचा गळा धरला होता. त्यात नवीन काही नव्हतं, पण ह्या वेळी तो रागावलेला नव्हता. शांत होता. लॅबच्या सुटीला ती जिन्यात उभी राहिली आणि तिचे पाय घराकडे वळेनात. ती बहिणीकडे गेली, अंगावर लॅबचा एप्रन, नखांत प्लास्टर. खारू तेव्हा तलावावर होती, बापाबरोबर. पोरीला उद्या शाळेतून घेऊ, असं दोघी बहिणींनी ठरवलं.

ते उद्या काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी शाळेच्या बाईंनी दारातच सांगितलं, "वडिलांनी लिहून दिलंय. तुम्ही मुलीला टाकून गेलात म्हणे." त्या सांगताना ओशाळल्या होत्या. त्यांचा मुलगा सरांकडेच पोहायला जायचा.

बहिणीचं घर दोन खोल्यांचं. हिची घडीची खाट दाराजवळच्या बोळकांडीत, चपलांच्या मांडणीला लागून. भाऊजी भले होते. येताजाता "झोपा, झोपा" म्हणून तिच्या पायांवरून पलीकडे जायचे. बहीण तिखट होती.

"इतकी वर्षं काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?" ती म्हणायची. "मला, सख्ख्या बहिणीला, सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगून काय केलं असतंस?"

"त्याचे दात घशात घातले असते!"

"आणि मग ते बसवायला माझ्याकडेच आले असते."

दोघी हसल्या. मग बहीण ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि बराच वेळ नळ चालू होता.

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खालच्या मशीनने जमीन थरथरायची. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पुरावा काय?"

तिने मान खाली घालून अंगठ्याने पट्टी सैल केली आणि दात काढून टेबलावर ठेवला.

वकीलबाई खुर्चीत मागे सरकल्या. मग पुढे झुकल्या. "अहो, इतका वेळ मी तुमच्याकडे बघतेय! कोणी बसवला हा?"

"मीच."

"डॉक्टर? एक्स-रे? एखादी चिठ्ठी?"

"मीच केला सगळा."

"साचा वगैरे ठेवलाय का त्याचा?"

"फोडला."

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "अहो बाई," त्या म्हणाल्या, "एवढं चांगलं काम कशाला केलंत हो!"

दात नाही एवढं दिसतं, पण तो कोणी पाडला हे दिसत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. कुणी पाहिलं होतं का? कुणाला सांगितलं होतं का? शेजारी? शेजारच्या काकांनी तोंड वाकडं करून सांगितलं, की आम्ही हसण्याचा आवाज ऐकला, दुसरा काही नाही. राहिले मास्तर. ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

मास्तर हातातला जबडा ब्रशने झाडत राहिले. "कळलं होतं."

"मग कोर्टात येऊन सांगाल?"

"काय सांगू, बाई? मी दात पाहिला. हात नाही पाहिला." त्यांचे डोळे ओले होते, पण म्हाताऱ्यांचे असतातच. "मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. आता उघडून त्यातून काही निघायचं नाही."

कोर्टात पोरीच्या ताब्याचा खटला रखडत चालला. शहाण्याने ज्याची पायरी चढू नये म्हणतात, तिथल्या पायऱ्या तिच्या ओळखीच्या झाल्या. कुठली हलते, कुठली पान खाणाऱ्यांची. शनिवारी खारूला भेटायची परवानगी मिळाली. कोर्टातच तळमजल्यावर मुलांची खोली होती. प्लास्टिकची घसरगुंडी, एक कान तुटलेला घोडा, भिंतीवर कुणीतरी सरकारी रंगात काढलेलं हसरं सूर्याचं तोंड. सूर्याला दात काढले होते. ती दर वेळी ते बघायची आणि मनात म्हणायची, खालच्या ओळीत एक जास्त आहे. दाराशी शिपाईबाई मटार सोलत बसलेल्या असत. नवरा बाहेरच्या बाकावर बसे, आणि आतबाहेर करणारी पोरं त्याला ओळखून "सर!" म्हणत.

एकदा दारात तो तिला म्हणाला, तलावावरच्याच आवाजात, "पोरीसाठी तरी ये परत. मी काही म्हणणार नाही. मी धरलंय ना सगळं."

ती आत खारूकडे गेली. पण त्या आवाजावर क्षणभर तिचा विश्वास बसला, हे तिला स्वतःपासून लपवता आलं नाही.

उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी तिला विचारलं, "बाई, तुमचा व्यवसाय काय?"

"दात बनवते."

"खोटे दात."

"हो."

"खऱ्यासारखे दिसतील असे?"

"हो."

"वा. छान." ते वळून बसले. मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

मग जजबाई म्हणाल्या, मी मुलीशी बोलते. चेंबरमध्ये, एकटीशी. तिथे कुणी वकील नाही, कुणी आईबाप नाही.

बाहेर येऊन वकीलबाईंनी तिचा दंड धरला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव होता. "ऐका. हीच एक वाट उरलीय. पोरगी त्या घरात होती. तिला माहीत आहे. ती एक वाक्य खरं बोलली ना, तरी पुरे. फक्त एक करा. तिला काही पढवू नका. अजिबात नाही. पढवलेलं पोर ह्या जजबाईंना वासावरून कळतं."

"नाही पढवणार," ती म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. मधल्या शनिवारी खारूला तिने घसरगुंडीवरून घसरवलं, तिच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या, आणि कोर्टाचं नाव काढलं नाही. "बाई काही विचारतील, तू सांग," एवढंच म्हणाली. ओठांवर आलेलं सगळं गिळून टाकल्याचा तिला अभिमानही वाटला. जुना खेळ तिच्या डोक्यातही आला नाही. बनवणाऱ्याने विसरावं, तशी ती विसरून गेली होती.

त्या दिवशी खारूने निळा फ्रॉक घातला होता. सासूबाईंनी तिच्या केसांना तेल लावून चप्प बसवले होते. सासूबाई वाईट नव्हत्या. नातीला ऊन लागू नये म्हणून आपला पदर तिच्या डोक्यावर धरून आल्या होत्या. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. खारू चेंबरमध्ये गेली, दार बंद झालं.

बहीण बाकावर बसून पुटपुटत होती. "पोर हुशार आहे. बोलेल. नक्की बोलेल."

"घाबरली तर?"

"ती? ती तुझ्यासारखी नाही."

दार उघडलं तेव्हा खारूच्या एका गालात गोळी होती, जजबाईंनी दिलेली. ती इकडेतिकडे बघत, आजीला ओलांडून, बापाला ओलांडून थेट आईकडे धावत आली. गळ्यात पडली. तोंड कानाशी आणलं. गोळीचा गोड, चिकट वास आला.

"आई," ती कुजबुजली, "मी नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलं?"

"आपलं गुपित. त्यांनी खूपदा विचारलं. गोळी दिली तरी नाही सांगितलं. मी म्हटलं, आई बाथरूममध्ये पडली. कुण्णी ढकललं नाही. आणि आईचे सगळे दात खरे आहेत." ती मागे झाली, आईच्या तोंडाकडे पाहू लागली. तिचा चेहरा एवढा उजळला होता की बघवेना. "आता बाबा रागावणार नाहीत. आता तू येशील ना घरी?"

बापाने हाक मारली. सासूबाईंनी हात पुढे केला. तिला काहीतरी म्हणायलाच हवं होतं, लगेच, पोर नेली जायच्या आत. सत्य सांगायला तेवढा वेळ पुरला नसता. आणि रागवायचं कशाबद्दल?

"शहाणी माझी," ती म्हणाली.

निकालात कठोर असा एकही शब्द नव्हता. वकीलबाईंनी झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीत तो मोठ्याने वाचला. मुलगी मोकळेपणाने, न अडखळता बोलली. तिला कुणी पढवल्याचं दिसलं नाही. दाताबद्दलचं आईचं म्हणणं मुलीच्या बोलण्याशी जुळत नाही. मुलीची शाळा, आजी, घर, तलाव, सगळं तिकडे आहे. आईकडे तिला झोपायला स्वतंत्र जागा नाही. ताबा वडिलांकडे. आईला शनिवार.

"अपील करता येईल," वकीलबाई म्हणाल्या आणि कागद उलटा ठेवला. "पण मुलीचं बोलणं त्यात राहणारच. ते आता पुसता येत नाही."

"मीच शिकवलं होतं तिला ते."

"काय?"

तिने सांगितलं. वेणी घालताना, भाजी निवडताना. वकीलबाई ऐकत राहिल्या. खाली मशीन सुरू झालं, जमीन थरथरू लागली, टेबलावरच्या पेल्यातलं पाणीही थरथरलं.

"हे आता सांगितलं," वकीलबाई शेवटी म्हणाल्या, "तर ते म्हणतील, बघा, ही बाई पोरीला खोटं बोलायला शिकवते."

"खरंच आहे ते."

बहिणीने घर डोक्यावर घेतलं. तिने नवऱ्याला, सासूला, जजबाईंना, मास्तरांना, सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि दम लागल्यावर हिच्याकडे वळून म्हणाली, "आणि तू! तुला एवढी हौस होती झाकायची!" मग तिलाच रडू फुटलं. भाऊजी उठून टीव्हीचा आवाज कमी करून आले.

ती लॅबमध्ये जात राहिली. काही दिवस ती तोंडात दात न घालता गेली. आता लपवायचं कुणापासून? पण मास्क असतोच, कुणाला दिसलंच नाही. मास्क काढून ती एकदा रस्त्याने चालली, तर समोरून येणाऱ्या बाईने आधी पाहिलं, मग नजर फिरवली. जेवताना घास अडायला लागला. शेजारचे दात त्या फटीत कलू लागतात, हे तिला धंद्यातून माहीत होतं. मग एका सकाळी तिने तो पुन्हा घातला. सवयीने तो जागेवर बसला, टक् असा बारीक आवाज झाला.

शनिवार येत राहिले. खारूने "घरी कधी येणार" विचारणं हळूहळू सोडलं. आधी दर वेळी विचारायची, मग एका आड एक, मग फक्त निघताना, आणि मग नाहीच. ती उंच होत होती. घोड्यावर आता मावत नव्हती. शिपाईबाई तिला मटार सोलायला द्यायच्या, आणि आई-मुलगी दोघी समोरासमोर बसून मटार सोलायच्या; बोलण्यासारखं फारसं उरत नसे.

अशाच एका शनिवारी खारू आली आणि आल्याआल्या हसली. वरच्या ओळीत, उजवीकडे, एक काळी फट होती.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "इकडे ये. तोंड उघड. आ कर."

खारूने आ केला. तिने पोरीची हनुवटी दोन बोटांनी धरली, खिडकीकडे वळवली. दुधाचा सुळा पडला होता. समोरचे दुधाचे दात केव्हाच पडून गेले होते. सुळ्याची वेळ अजून आली नव्हती. पण पोरांचं काही सांगता येत नाही. कुणाचा लवकर पडतो, कुणाचा अडून बसतो. तिने अशी शेकडो तोंडं पाहिली होती. हिरडी थोडी सुजलेली होती. आपोआप पडला तरी सुजते. ओरखडा नव्हता. ओठाच्या आत एक पिवळसर डाग होता. जुना असेल. खेळताना लागलं असेल. पोर आहे, पडतं, आपटतं. जेवढं डोळ्यांना दिसू शकतं तेवढं तिने सगळं पाहिलं, आणि त्यातून काहीही ठरलं नाही.

"कसा पडला गं?"

"आपोआप."

"हलत होता?"

"हो."

"खरंच? कुणी..." तिने आवाज खाली आणला. दाराबाहेर बाकावर त्याचे पाय दिसत होते. "कुणी काही केलं नाही ना?"

"कुण्णी नाही!" खारू म्हणाली. डोळे मोठे केले, दोन्ही हात पसरले.

ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ह्या चेहऱ्यात एखादी भेग, एखादा ठिपका, कुठेतरी थोडासा न जुळलेला रंग असेल, तर तो तिला दिसायला हवा होता. जगात कुणाला दिसला नसता तरी तिला. तिने खिडकीच्या उजेडात पोरीला पुन्हा वळवलं. काहीच दिसलं नाही. खरं असतं, तरी ते असंच दिसलं असतं.

"दुखतंय, आई," खारू म्हणाली. "हनुवटी. सोड ना."

तिने बोटं काढून घेतली. हनुवटीवर दोन लाल ठसे उठले होते, आणि दोघींनी मटार सोलायला घेतले, तरी ते बराच वेळ तिथेच होते.